पात्यापासून नटापर्यंत : लढाऊ हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांची ओळख

सप्टेंबर २०१९मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर भारतीय हवाई दलाने पहिली आठ अपाचे हेलिकॉप्टरे समारंभपूर्वक दाखल करून घेतली. अशा बातमीसोबत वर्तमानपत्रे नेहमीचा तक्ता छापतात : वेग किती, तोफ किती मिलिमीटरची, क्षेपणास्त्रे किती. तक्ता बहुधा बरोबर असतो. पण हेच हेलिकॉप्टर दहा वर्षांनी, भर पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी, हाक आल्यावर उडेल की नाही, याचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही. ते भांडारातल्या फळ्यांवर असते, दुरुस्तीच्या शाळांमध्ये असते, गिअरबॉक्सचे तेल तपासणाऱ्याच्या नोंदवहीत असते आणि पुष्कळदा दुसऱ्या देशातल्या एखाद्या कारखान्याच्या वेळापत्रकात असते. पुढील पाने त्या उत्तराच्या शोधात लिहिली आहेत.

विषय रुक्ष वाटेल, याची जाणीव आहे. युद्धकथांना वाचक मिळतो, बेअरिंगला मिळत नाही. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. सुट्या भागांच्या वाटेने गेले की धातुशास्त्र, व्यापार, परराष्ट्रनीती आणि माणसांचे कसब हे सगळे एकाच यंत्राभोवती भेटते. ही वाट धरायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी एखादा नट नेमका किती आवळावा या विचारात पाना हातात धरला आहे, त्याच्याकडे पुरेशी पूर्वतयारी आहे. आणखी एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. ही यंत्रे माणसे मारण्यासाठी बनवलेली आहेत. त्यांचा अभ्यास म्हणजे त्यांची आरती नव्हे. अभ्यासाशिवाय केलेली निंदा आणि स्तुती मात्र दोन्ही पोकळ राहतात.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचाही नाही. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे, म्हणजे मेंटेनन्स कमांडचे, मुख्यालय नागपूरला वायुसेना नगरात आहे. देशभरातल्या दुरुस्ती आगारांचा आणि साहित्य भांडारांचा कारभार तेथून चालतो, आणि अशांपैकी एक भांडार देवळालीला आहे. सैन्यदलाच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी संस्था नाशिक रोडच्या गांधीनगर धावपट्टीवर आहे. त्या परिसरात वाढलेल्या कित्येकांनी ही घरघर लहानपणापासून ऐकलेली असते. तिच्यामागे काय चालते, एवढेच सांगणे बाकी आहे.

तर आधी यंत्र समजून घेऊ. विमानाचा पंख स्थिर असतो. हेलिकॉप्टरचा पंख फिरतो, आणि त्याची सगळी दुखणी या एका गोष्टीतून सुरू होतात. हेलिकॉप्टर पुढे जात असताना फिरणारे पाते अर्धा फेरा वाऱ्याच्या तोंडावर जाते आणि अर्धा फेरा वाऱ्यासोबत मागे येते. दोन्ही बाजूंना उचल सारखी राहावी म्हणून पात्याचा कोन प्रत्येक फेऱ्यात एकदा कमी आणि एकदा जास्त करावा लागतो. हे काम स्वॉशप्लेट नावाच्या जोडतबकड्या करतात : खालची स्थिर, वरची पात्यांबरोबर फिरणारी, मध्ये बेअरिंग. वैमानिकाच्या हाताची हालचाल खालच्या तबकडीपर्यंत येते आणि वरच्या तबकडीतून दांड्यांवाटे पात्यांना पोचते. अपाचेचा मुख्य रोटर मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे तासाभराच्या उड्डाणात प्रत्येक पाते, त्याची दांडी आणि त्याचा सांधा सतरा हजारांहून अधिक वेळा वाकतो आणि सरळ होतो. धातू एका मोठ्या धक्क्याने तुटतो तसा लहान धक्क्यांच्या संख्येनेही तुटतो. डोळ्यांना न दिसणारी चीर आधी पडते, ती हळूहळू लांबत जाते आणि एक दिवस उरलेला धातू भार पेलत नाही.

लढाऊ हेलिकॉप्टरात यावर आणखी भर पडते. ते जमिनीलगत, झाडांच्या आडून उडते, त्यामुळे धूळ आणि वाळू इंजिनात शिरते आणि पात्यांच्या पुढच्या कडा घासून काढते. तोफेचा धक्का सांगाड्याला बसतो. वजन नेहमी मर्यादेच्या जवळ असते. अमेरिकेने व्हिएतनामच्या धुळीत शिकलेला धडा अपाचेच्या टी-७०० इंजिनात दिसतो. त्याच्या तोंडाशीच हवा गरगरवून वाळूचे कण बाहेर फेकणारी रचना बसवली आहे, आणि संपूर्ण इंजिन चार खंडांत विभागले आहे, म्हणजे बिघडलेला खंड तेवढा काढून नवा बसवता येतो. संपूर्ण इंजिन कारखान्यात पाठवण्याची वेळ कमी येते. यंत्र आखतानाच त्याच्या दुरुस्तीचा विचार करणे ही रणगाड्याच्या चिलखताइतकीच युद्धोपयोगी गोष्ट आहे, असे माझे मत आहे. ती दिसत नाही म्हणून तिचे कौतुक होत नाही, इतकेच.

एका नटाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. अपाचेची चार पाती मधल्या तुंब्याला थेट जोडलेली नसतात. पातळ पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेला लवचिक जुडगा पात्याची ओढ पेलतो, आणि हा जुडगा जागी धरणारे मोठे नट असतात. समुद्राजवळच्या खारट, दमट हवेत यांपैकी काही नट अपेक्षेपेक्षा लवकर गंजून चिरू लागल्याचे आढळले. नट सुटला तर पाते सुटणार, आणि पाते सुटल्यावर काही उरत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये अमेरिकन लष्कराने बोइंगकडून नवी अपाचे स्वीकारणेच थांबवले. सुधारित नट तयार होऊन बसेपर्यंत काही महिने गेले. जगातल्या सर्वांत धनाढ्य सैन्याचे सर्वांत नावाजलेले हेलिकॉप्टर एका नटापाशी अडले होते. या क्षेत्रात नवख्याने पहिल्यांदा शिकायची गोष्ट हीच, की भागाची किंमत आणि भागाचे महत्त्व यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

म्हणून भागांची वर्गवारी किमतीवरून न करता आयुष्यावरून करतात. काही भागांना उड्डाणाच्या तासांची ठरावीक मर्यादा असते. ती संपली की भाग कितीही धडधाकट दिसला तरी काढून मोडीत टाकायचा. रोटरच्या डोक्यातले बरेच भाग या वर्गात येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ठरावीक तासांनंतर पूर्ण उघडून, झिजलेले बदलून, पुन्हा जोडतात. त्याला ओव्हरहॉल म्हणतात. आणि उरलेले भाग प्रकृती पाहून बदलायचे. प्रकृती पाहण्याची एक साधी, सुंदर युक्ती म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलात बसवलेले चुंबक. दात झिजू लागले की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो, दोन टोके जोडली जातात आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. अनुभवी तंत्रज्ञ तो कीस बोटावर घेऊन सांगतो, की ही नेहमीची झीज आहे की बेअरिंगने जीव सोडायला सुरुवात केली आहे.

भागाइतकेच त्याच्या कागदाला मोल असते. हा भाग कोणी घडवला, कोणत्या तुकडीतल्या धातूपासून, कोणत्या हेलिकॉप्टरवर किती तास उडाला, कधी उघडला, कोणी तपासला, याची अखंड नोंद नसेल तर चकचकीत भागही भंगार मानतात. वाचकांना ही कारकुनी वाटेल. पण खोट्या भागांचा बाजार खरोखर आहे. अमेरिकन सिनेटच्या संरक्षण समितीने २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नौदलाच्या हेलिकॉप्टरांपर्यंत पोचलेल्या बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची प्रकरणे नोंदली आहेत. कागदाची साखळी जेथे तुटते तेथून हा माल आत शिरतो.

आता थोडे वंशावळीकडे वळू, कारण या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट तेथे आहे. लढाऊ हेलिकॉप्टर सहसा कोऱ्या कागदावर जन्माला येत नाही. ते वाहतुकीच्या हेलिकॉप्टराच्या पोटी येते. १९६५मध्ये उडालेले अमेरिकेचे कोब्रा हे या जातीचे पहिले खरेखुरे यंत्र. त्याचे अंग नवे होते, जेमतेम मीटरभर रुंद, पुढेमागे दोन माणसे बसतील असे. आतले इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर यांचा वारसा मात्र ह्युई या मालवाहू हेलिकॉप्टराचा होता. त्यामुळे दोनच वर्षांत, १९६७मध्ये, ते व्हिएतनामात लढू लागले. तेथल्या तळांवर ह्युईचे भाग आणि ते बसवणारे हात आधीच हजर होते. सोव्हिएत संघाने एमआय-८च्या यंत्रणेवर एमआय-२४ उभे केले. आपल्याकडे ध्रुवच्या यंत्रणेवर आधी रुद्र आणि मग प्रचंड आले.

प्रचंडची कथा कारगिलपासून सुरू होते. १९९९मध्ये त्या उंचीवरच्या विरळ हवेत आपल्याजवळची जड एमआय-३५ कामाची नव्हती, म्हणून एमआय-१७ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांना रॉकेटे लावून पाठवावे लागले. त्यांतले एक २८ मे रोजी खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले. उंचीवर लढू शकेल असे हलके हेलिकॉप्टर हवे, ही गरज तेथे पक्की झाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने घडवलेले हे यंत्र २९ मार्च २०१० रोजी पहिल्यांदा उडाले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला हवाई दलात आले. वजन सुमारे ५.८ टन, आणि पाच हजार मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडण्याची क्षमता. त्याचे शक्ती इंजिन फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेले. मार्च २०२५मध्ये आणखी १५६ प्रचंडचा करार झाला. त्याची रक्कम बासष्ट हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. एवढ्या संख्येला पुरतील इतकी पाती, दांड्या, पंप आणि सील यापुढे तीस-चाळीस वर्षे कोणीतरी घडवत राहणार आहे. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

कारण वारशात गुणांसोबत दोषही येतात. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले आणि तिघे गेले. तपासात स्वॉशप्लेट तडकल्याचे आढळले. लगेच तिन्ही सैन्यदलांची आणि तटरक्षक दलाची ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर आली, आणि त्यांत सशस्त्र रुद्रही होती, कारण रुद्र म्हणजे शस्त्रे चढवलेले ध्रुवच. भागांचे साम्य शांततेत पैसा आणि वेळ वाचवते. दोष निघाला की सगळे कुटुंब एकदम घरी बसवते. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्याशिवाय साम्याची बाजू कोणी घेऊ नये आणि विरोधही करू नये.

ब्रिटनने उलट प्रयोग केला. आपल्या ६७ अपाचेंत त्यांनी अमेरिकन इंजिनाऐवजी आरटीएम-३२२ बसवले. त्यांच्या मर्लिन हेलिकॉप्टरात तेच इंजिन असल्याने निर्णयाला घरगुती तर्क होता. पण अपाचे वापरणाऱ्या बाकी जगापासून त्यांचा ताफा वेगळा पडला. पुढे ५० नवी अपाचे घेताना ते अमेरिकन इंजिनाकडे परतले आणि जुन्या हेलिकॉप्टरांतले काही भाग मात्र त्यांनी नव्यांत वापरून घेतले.

भाग कमी पडले तर काय होते, याचा उत्तम दस्तऐवज अमेरिकेनेच लिहून ठेवला आहे. सप्टेंबर १९९०मध्ये तेथील सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयाने अपाचेवर कडक अहवाल दिला. त्या काळात कोणत्याही दिवशी ताफ्यातली जवळपास निम्मीच यंत्रे पूर्ण सज्ज असत. भाग वारंवार बिघडत, बदली भाग वेळेवर मिळत नसत, आणि तंत्रज्ञ एका हेलिकॉप्टरातला भाग काढून दुसऱ्याला लावत. एसटीच्या डेपोत कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीचे हळूहळू काय होते, हे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. चार महिन्यांनी, १७ जानेवारी १९९१च्या पहाटे, याच अपाचेंनी इराकच्या सीमेवरील रडार ठाणी उद्ध्वस्त करून आखाती युद्धाला तोंड फोडले आणि त्या युद्धात त्यांची सज्जता उत्तम राहिली. मग अहवाल खोटा होता का? १९९२मध्ये त्याच कार्यालयाने पुन्हा तपासणी केली. उत्तर असे निघाले की भाग आणि माणसे इतर ठिकाणांहून उपसून आखातात ओतली होती, आणि तुलनेने उड्डाणाचे तासही कमी होते. यंत्राचे मूळ दुखणे कायम होते. एकाच यंत्राविषयीची दोन परस्परविरोधी विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे या दोन अहवालांइतके स्पष्ट मी अन्यत्र वाचलेले नाही. नव्या अभ्यासकाने ते शेजारी ठेवून वाचावेत.

अमेरिकेला भाग उपसायला जागा तरी होती. इराणला ती नव्हती. शहाच्या राजवटीत इराणने २०२ कोब्रा मागवले होते. १९७९च्या क्रांतीनंतर अमेरिकेने पुरवठा तोडला आणि १९८०मध्ये इराकशी युद्ध सुरू झाले. ताफा मोठा, शत्रू दारात, आणि मूळ कारखाना वैरी. तरीही आठ वर्षे कोब्रा उडत राहिले, कधी इराकच्या एमआय-२४शी आकाशात भिडलेही. काही हेलिकॉप्टरांचा बळी देऊन इतर चालवली गेली, चोरवाटांनी भाग आणले गेले, आणि इराणी तंत्रज्ञांनी भाग मोजून, चिरून, नक्कल करून देशात घडवायला सुरुवात केली. अमेरिकेला हादरवणाऱ्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात गुपचूप पाठवलेल्या मालाची यादी पाहा : टो क्षेपणास्त्रे आणि हॉक क्षेपणास्त्रांचे सुटे भाग. आज त्याच कोब्राची इराणी आवृत्ती तुफान या नावाने उडते. या प्रकरणाकडे निव्वळ जिद्दीची कहाणी म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. किती यंत्रे कायमची बसली, आणि नक्कल केलेल्या भागांची किंमत कोणी मोजली, हेही त्याच कहाणीत आहे.

रशियाला हाच धडा उलट्या दिशेने मिळाला. एमआय आणि कामोव्ह हेलिकॉप्टरांची इंजिने बहुतांशी युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या मोटर सिच कारखान्यातून येत. एकाच सोव्हिएत घरातली ही वाटणी २०१४मध्ये संपली आणि युक्रेनने लष्करी पुरवठा थांबवला. रशियाला सेंट पीटर्सबर्गला इंजिनाचे उत्पादन उभे करावे लागले.

आपण या साखळीत फार काळ खरेदीदार होतो. १९८०च्या दशकात आलेली एमआय-२५ आणि पुढची एमआय-३५ यांना चंदीगडच्या तिसऱ्या दुरुस्ती आगाराने सांभाळले. या मालिकेच्या हेलिकॉप्टरांचा ओव्हरहॉल तेथे होतो. श्रीलंकेतल्या मोहिमेत एमआय-२५ लढली. पुढे अफगाणिस्तानला भारताने आधी आपल्याकडची चार एमआय-२५ दिली आणि नंतर बेलारूसकडून घेतलेली चार एमआय-२४ २०१९मध्ये पोचवली. एका देशाच्या आराखड्यावरचे, दुसऱ्याकडे दुरुस्त झालेले यंत्र तिसऱ्याने चौथ्यासाठी विकत घ्यावे, असा हा व्यवहार. चित्र आता थोडे बदलते आहे. अपाचेचे सांगाडे हैदराबादला टाटा आणि बोइंग यांच्या संयुक्त कारखान्यात तयार होऊन जगभरच्या ग्राहकांच्या यंत्रांत बसतात. सांगाडा बनवणे आणि गिअरबॉक्स बनवणे यांत मोठे अंतर आहे, हे मात्र वाचकांनी विसरू नये. सर्वांत अवघड कसब दातांच्या कडेवर आणि बेअरिंगच्या वाटीत असते.

किमतींविषयी एक सावधगिरी. सुट्या भागांच्या अवाच्या सवा दरांच्या बातम्या तुम्ही वाचाल. शिनूक या मालवाहू हेलिकॉप्टराच्या एका रोलरसाठी अमेरिकन लष्कराने सोळाशे डॉलरहून अधिक मोजले, तोच सरकारी भांडारात आठ डॉलरच्या आत होता, असे २०११च्या तपासात निघाले. असे घोटाळे खरे असतात. पण प्रत्येक महाग भाग घोटाळा नसतो. वर्षाला मोजकेच नग लागणाऱ्या भागासाठी साचा, चाचणी आणि नोंदी यांचा सगळा भार त्या मोजक्या नगांवर येतो. रागवण्यापूर्वी नगांची संख्या विचारावी.

या विषयाचे साहित्य विखुरलेले आहे. कंपन्यांची माहितीपत्रके शेवटी वाचावीत. आधी कॅगचे अहवाल आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीची कागदपत्रे उघडावीत. त्यांची भाषा कोरडी असते, पण तेथे कोणी काही विकायला बसलेले नसते. सज्जतेची टक्केवारी दिसली की ती कोणत्या काळातली, पूर्ण सज्ज की नुसती उडण्याजोगी, हे पाहावे. दोन देशांचे आकडे क्वचितच एकाच मापाने मोजलेले असतात. आणि जमल्यास बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात जाऊन यंत्रे जवळून पाहावीत. छायाचित्रात न कळणारे प्रमाण डोळ्यांना लगेच कळते.

पुढील प्रकरणे ज्या क्रमाने लावली आहेत त्याच क्रमाने वाचली तर रोटरपासून गिअरबॉक्स, इंजिन, भांडार आणि करार अशी वाट सरळ लागेल. इतिहासाची ओढ असलेल्या वाचकांनी थेट इराणच्या प्रकरणाकडे वळायलाही हरकत नाही. रोटरच्या डोक्याची आकृती तेवढी शेजारी उघडी ठेवा. तिच्यातल्या भागांची नावे त्या प्रकरणात पानोपानी येतात आणि तेथे ती पुन्हा समजावलेली नाहीत.